मुनीरचाचांचा अंतरा

“म्हणजे ते मेलंय, की जिवंत आहे?” बुवांनी विचारलं.

“दोन्ही नाही,” ऋजुता म्हणाली. “अजून जन्मायचंच आहे.”

“बरं. मग कळा कधीपासून?”

ऋजुताला हसू आलं नाही. सकाळपासून ती त्याच एका पडद्यासमोर बसून होती. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावायची, आता झालंच असं वाटायचं, आणि अचानक सगळं थांबायचं. खाली एकच ओळ उरायची.

डिस्क सापडली नाही.

“एवढी मोठी डिस्क दिलीय त्याला,” ती दात-ओठ खात म्हणाली, “आणि म्हणतंय सापडली नाही!”

बुवा वळले. हाताला लागलेल्या भिंतीच्या आधारानं ते आले तसे निघून गेले.

कृष्णेकाठच्या त्या गावात, अगदी घाटाच्या वरच्या अंगाला, अंध मुलांची गाण्याची शाळा आहे. वामनबुवा लिमगावकर तिथले गुरुजी. जन्मापासून डोळे नाहीत. पण पावसाळ्यात नदीचा आवाज बदलला की पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते बुवा ओसरीत बसून सांगत, आणि गावातले लोक त्यावर विसंबून गुरं वर आणत. मोठ्या शहरांतून किती बोलावणी आली! बुवा म्हणत, “तिकडं सगळे बोलतात फार. मी ऐकू केव्हा?”

ऋजुता धामणकर हॉलंडहून आली ती त्यांच्याकडं गाणं शिकायला. तिकडं शिकली, तिकडंच मोठ्या कंपनीत रुजू झाली, सर्व्हरच्या रांगाच्या रांगा तिच्या हाताखाली आल्या. मग एका हिवाळ्यात कुणीतरी पाठवलेलं बुवांचं एक खरखरीत ध्वनिमुद्रण तिनं ऐकलं. वसंत ऋतूत ती राजीनामा देऊन मोकळी झाली. आई-वडिलांनी कपाळावर हात मारला. ती मात्र तंबोरा घेऊनच शाळेच्या दारात उभी राहिली.

“गा,” बुवा म्हणाले होते.

ती गायली. पेटीच्या काळी पाचमध्ये, उंच पट्टीत. लहानपणापासूनचा रियाज होता, गळा तयार होता, वरचा षड्ज तर धार लावलेल्या पात्यासारखा लागला.

बुवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छान,” ते म्हणाले. “आणखी काय येतं?”

“कॉम्प्युटर येतो.”

“मग आधी तो बघ. तो झाला की गाण्याचं बघू.”

गोष्ट अशी होती. बुवांचा विश्राम नावाचा एक डोळस शिष्य होता. पोरगा गाण्यात बेताचा, पण कॉम्प्युटरमध्ये हुशार. बुवांनी आणि त्यांच्या गुरुबंधूंनी बंदिशी सांगायच्या, विश्रामनं त्या स्वरलिपीत टंकायच्या, आणि त्यानंच लिहिलेल्या प्रोग्रॅमनं त्यांचं ब्रेल करून छपाईयंत्रातून टिपक्या-टिपक्यांचा कागद बाहेर काढायचा. वर्षानुवर्षं हे काम चाललं. मुलं बोटांनी बंदिशी वाचू लागली. पुढं विश्राम कावीळ होऊन गेला. त्याचा सर्व्हर तेवढा कोपऱ्यात घरघरत राहिला.

बुवा रोज त्याच्या पाठीवर तळवा ठेवत. “आज धाप लागलीय,” म्हणत. एका सकाळी तळवा ठेवला आणि उचलला.

“गेला,” ते म्हणाले.

त्याच्या पोटातल्या फायली ऋजुतानं सुखरूप बाहेर काढल्या. पण उघडल्या तर नुसत्या किड्यामुंग्या. त्या वाचायला विश्रामचाच प्रोग्रॅम हवा. प्रोग्रॅमच्या सीडीला एक जुनी सर्व्हर सिस्टिम हवी. आणि ती जुनी सिस्टिम आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसायला तयार नाही.

“मग?” बुवांनी तेव्हा विचारलं होतं.

“मग व्हर्च्युअल मशीन. नव्या कॉम्प्युटरच्या आत मी एक मनाचा कॉम्प्युटर तयार करते. हाताला न लागणारा. त्यात ती जुनी सिस्टिम घालायची. तिला वाटतं, आपण खऱ्याच यंत्रावर आहोत.”

“म्हणजे तिला फसवायचं.”

“फसवायचं नाही, बुवा! तिला घर द्यायचं.”

“मग चांगलं दे,” बुवा म्हणाले.

आणि ऋजुतानं चांगलं दिलं. होते तेवढे सगळे प्रोसेसर दिले. मेमरी इतकी, की विश्रामच्या काळात अख्ख्या जिल्ह्यातल्या कॉम्प्युटरांची मिळून तेवढी झाली नसती. डिस्क आजची, सगळ्यांत वेगवान. तिनं हे सगळं खरंच मनापासून केलं. विश्रामला तिनं पाहिलं नव्हतं, पण त्याचा प्रोग्रॅम लिहिण्याचा स्वच्छ हात पाहिला होता, आणि त्या माणसाविषयी तिच्या मनात फार माया दाटली होती.

डिस्क सापडली नाही.

तिनं डिस्क ओळखायची वेगळी साधनं घातली. मग डिस्क सापडली, आणि पुढच्याच पायरीला सगळं गोठलं. आणखी प्रोसेसर, आणखी मेमरी. आणखी लवकर गोठलं.

दिवाळीच्या सुट्टीनं मुलं गावोगाव घरी गेली होती. शाळा शांत होती. नदी, पारवे, आणि ऋजुताच्या बोटांची टकटक.

त्या शांततेत दुपारच्या एसटीनं मुनीरचाचा आले.

मुनीरचाचा मिरजेचे. बुवांचे थोरले गुरुबंधू. ऐंशी कधीच ओलांडली होती. एके काळी त्यांच्या गाण्याला माणसं बैलगाड्या जोडून येत. आता हातात काठी, डोक्याला लोकरीची टोपी, आणि पिशवीत बुवांसाठी आणलेले बत्तासे.

“वामन,” ओसरीत टेकता टेकता ते म्हणाले, “तुझी ही विलायती शागीर्द त्या खोक्याला शिव्या देतेय.”

“मराठीत देतेय ना?”

“अस्सल.”

“मग विलायती कसली?” बुवा म्हणाले. “चहा घ्या.”

चाचा हसले. पण चहा तसाच निवत राहिला.

“उस्तादांची बरसी आलीय, वामन.”

“माहीत आहे. आपल्या गुरूंची पुण्यतिथी कशी विसरेन?”

“त्यांची ती चीज गावी म्हणतो. त्यांनी एकट्या मला दिली होती. दुसऱ्या कुणाला नाही.”

“मग गा की.”

चाचांनी काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढली… पुसली.

“स्थायी आहे. पुढचा अंतरा नाही.”

ऋजुताची टकटक थांबली.

“गेला कुठं?” बुवांनी विचारलं.

“मी विश्रामला सांगितला, त्यानं लिहून घेतला. मी म्हटलं, चला, आता पेटीत पडला, चोराचं भय गेलं. आणि निवांत झालो. इतका निवांत झालो, वामन, की माझ्याजवळचा निघून कधी गेला तेच कळलं नाही. आता रोज स्थायी म्हणतो. अंतऱ्याच्या दाराशी येतो, आणि दार बंद.” चाचांचा आवाज खाली गेला. “अंतरा न म्हणता मेलो, तर तिथं उस्तादांना तोंड कसं दाखवू? ते पहिला प्रश्न हाच विचारतील. ते काय दुसरं विचारायचे नाहीत.”

बुवांनी ऋजुताच्या दिशेनं मान वळवली.

तिला ते सोसवेना.

“चाचा, मी रात्रंदिवस बसेन. पण ही सिस्टिमच मूर्ख आहे हो! जन्मात पाहिली नसेल एवढी मेमरी दिलीय तिला. एवढा मान कुणी दिला नसेल. तरी अडून बसलीय.”

“किती दिलंस?” बुवांनी विचारलं.

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

“बाप रे,” बुवा म्हणाले. मग उठले. “ते राहू दे आता. चाचांना गायचंय. तंबोरा लाव.”

ऋजुता हात धुऊन आली. मोठा मिरजेचा तंबोरा होता, चाचांच्याच नात्यातल्या कारागिरानं केलेला. तिनं तो मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

चाचांची जुनी ध्वनिमुद्रणं तिला तोंडपाठ होती. चाचा काळी दोनमध्ये गात. त्या काळात बाकीचे पुरुष गवई जिथं धापा टाकत, तिथं हा माणूस हसत हसत फिरे. लोक त्या सुराला ‘मुनीरची काळी दोन’ म्हणत.

तिनं काळी दोन लावली. एकेक खुंटी पिळली, एकेक मणी केसभर सरकवला. जोडीच्या तारा एकमेकींत अशा मिसळल्या की दोन आहेत हे कळू नये. तंबोरा असा बोलू लागला, की खिडकीतले पारवे गप्प झाले.

चाचांचा चेहरा उजळला.

“या अल्ला,” ते म्हणाले. “काळी दोन! बेटी, तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं, चाचा?”

त्यांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली, आणि षड्ज लावला.

आवाज चढला… आणि चिरला.

“हवा कोरडी आहे,” चाचा म्हणाले.

पाणी प्यायले. पुन्हा लावला. या वेळी मानेच्या शिरा फुगल्या, आणि स्थायीची पहिली ओळ अर्ध्यात खोकल्यात बुडाली.

ऋजुता तंबोरा छेडत राहिली. तंबोरा निर्दोष वाजत होता.

तिसऱ्यांदा चाचांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

“वामन,” ते म्हणाले. “अंतऱ्याचं काय घेऊन बसलास. आता स्थायीपण गेली.”

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज.

बुवा बसल्या बसल्या पुढं सरकले. हातानं चाचपडत ऋजुताच्या मांडीवरून त्यांनी तंबोरा उचलला. स्वतःच्या खांद्याला टेकवला. आणि खुंटी उलट फिरवली.

तार सैल पडली. तो लावलेला, झळझळीत सूर डोळ्यांदेखत खाली घसरला.

ऋजुतानं हात पुढं केला. “बुवा! चाचांचा सूर काळी दोन आहे!”

बुवा तार ऐकतच नव्हते. त्यांचा कान चाचांकडं होता. चाचा खजील होऊन घसा खाकरत होते, बत्ताशाच्या पुडीचा दोरा सोडत होते, स्वतःशीच काही पुटपुटत होते. आणि त्या पुटपुटण्यात, त्यांच्या नकळत, एक बारीक गुणगुण होती.

बुवांनी तार त्या गुणगुणीपाशी आणून ठेवली.

पांढरी एक. नव्हे, तिच्याही किंचित खाली. पेटीवर जिला पट्टी नाही अशा जागी.

मग बाकीच्या तारा उतरवल्या. मग छेडल्या.

चाचांनी मान वर केली. दोरा हातातच राहिला.

गुणगुण थोडी मोठी झाली. मग तिचा षड्ज झाला. मग कुणी दार ढकलावं आणि ते आधीपासून उघडंच असावं, तशी स्थायी आली.

ऋजुतानं त्या माणसाची सगळी ध्वनिमुद्रणं ऐकली होती. हे गाणं त्यांत कुठंच नव्हतं. काळी दोनमधला तो तरणा मुनीर लोकांना जिंकायचा. हा म्हातारा कुणाला जिंकत नव्हता. तो एकेक स्वर हातात घेऊन बघत होता, फिरवून बघत होता, आणि तुम्हीही बघा म्हणून पुढं करत होता. आणि बुवा तंबोऱ्याला गाल लावून असे बसले होते, जणू ते वाजवत नव्हते, नुसते तिथं होते.

स्थायी भरत गेली. अंतऱ्याच्या दाराशी आली. थांबली. आणि हसून परत फिरली. पुन्हा स्थायी.

ऋजुता खुंट्यांकडं बघत होती.

बराच वेळ बघत होती…

मग ती हळूच उठली. गाणं चालू असताना उठू नये, हे तिला कळत होतं. तरी उठली. बुवांची मान किंचित हलली, पण त्यांनी अडवलं नाही.

आतल्या खोलीत पडदा गोठलेलाच होता. तिनं ते अख्खं मशीन पुसून टाकलं.

नवं केलं. प्रोसेसर एक. मेमरी लिहिताना तिचं बोट अडखळलं. एवढा बारीक आकडा तिनं कुठल्या यंत्राला कधी दिला नव्हता, द्यायला लाज वाटली असती. ती सिस्टिम ज्या काळातली, त्या काळातल्या साध्या यंत्राकडं असायची तेवढी मेमरी. डिस्क लहान, संथ, जुन्या धाटणीची.

सीडी आत सरकवली.

निळा पडदा. पांढरी अक्षरं धावली. ज्या जागी थांबायची, त्या जागी आली…

गेली पुढं.

बाहेर स्थायी चालू होती. आत ती जुनी सिस्टिम एकेक गोष्ट विचारत होती. तुझं नाव काय. कुठल्या देशात आहेस. घड्याळात किती वाजले. एरवी ऋजुता असले प्रश्न न वाचताच पुढं ढकलायची. आज तिनं प्रत्येकाचं उत्तर दिलं, दारात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला द्यावं तसं. सिस्टिमही घाईत नव्हती. आपल्या चालीनं चालत होती. दिवेलागण झाली. बाहेर गाणं थांबून बत्तासे खाल्ले गेले, दोघा म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू आलं, पुन्हा तंबोरा सुरू झाला.

मग विश्रामचा प्रोग्रॅम. तो असा बसला, की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

तिनं फायलींमध्ये उस्तादांची ती चीज शोधली. उघडली. किड्यामुंग्यांचे स्वर झाले होते.

तिनं ब्रेलच्या छपाईयंत्राची जाडजूड केबल लावली आणि आज्ञा दिली.

टकटकटकटक.

बाहेर चाचा गाता गाता थबकले. “हे काय वाजतंय?”

बुवांचे हात तारांवर तसेच राहिले. ते ऐकत होते. त्यांच्या मिटल्या पापण्यांखाली काहीतरी हललं.

“विश्राम,” ते म्हणाले.

ऋजुता कागद घेऊन धावत आली. तिनं कागद बुवांच्या हाती दिला आणि तंबोरा आपल्याकडं घेतला. खुंट्यांना हात लावला नाही.

बुवांची बोटं टिपक्यांवरून फिरली. स्थायीच्या ओळी ओलांडून पुढं गेली.

“अंतरा,” ते म्हणाले, आणि पहिल्या ओळीचे स्वर हळूहळू वाचू लागले.

ओळ संपायच्या आत चाचांचा हात वर झाला.

“बस, वामन. बस. पुढचं वाचू नकोस…”

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी अंतरा घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कागद बुवांच्या मांडीवर पडून राहिला. कुणी त्याच्याकडं वळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चाचा निघाले. चढताना त्यांनी ऋजुताच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटी, काळी दोन फार सुंदर लावली होतीस हां,” ते म्हणाले. “अगदी खरी.”

तिची मान खाली गेली. चाचा खिडकीतून हसत होते. एसटी धुरळा उडवत वळणापलीकडं गेली, तरी अंतऱ्याची गुणगुण कानात राहिली होती.

शाळेत परतल्यावर तिनं आतून आपला तंबोरा आणला आणि बुवांच्या पुढ्यात बसली.

“बुवा, ते चालू झालं.”

“हं.”

“तुम्ही म्हणाला होता, ते झालं की गाण्याचं बघू.”

“म्हणालो होतो.”

“मग… सूर लावू?”

“लाव.”

तिनं काळी पाच लावली. तिची स्वतःची, हुकमी.

“उतरव,” बुवा म्हणाले.

तिनं काळी चार लावली.

“अजून.”

काळी तीन. “बुवा,” ती कळवळून म्हणाली, “इथं माझा आवाज चमकत नाही.”

“अजून.”

खुंटी फिरली. तार सैलावली. आता त्या सुरात तिला आपलं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. तिचा हात थांबला.

“कुठवर उतरवू?”

बुवांनी नदीच्या बाजूला कान केला होता.

“तुला ऐकू येईपर्यंत.”